नादाला पत्ता असतो

गरीब माणूस पैसे लावतो तेव्हा त्याला नाद म्हणतात. श्रीमंत लावतो तेव्हा तो शौक असतो, गुंतवणूक असते, नाहीतर परंपरा असते. धर्मराजानं राज्य लावलं, भाऊ लावले, बायको लावली, तरी तो धर्मराजच राहिला. कार्तिक शुद्ध प्रतिपदा हा आपल्या बळीराजाचा दिवस. पंचांगवाल्यांनी त्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव दिलं आणि त्या दिवशी डाव मांडणं शास्त्रात बसवून टाकलं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यामागं लाख रुपये लावा. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की त्यात कौशल्य आहे. आणि अहमदपूरच्या मोंढ्यातल्या हमालानं टपरीमागं वीस रुपयांची चिठ्ठी लावली की पोलिसांची गाडी येते. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, जुगाराचे साहित्य व रोख रक्कम जप्त. साहित्य म्हणजे काय, तर एक पेन आणि एक वही. रोख म्हणजे त्याची दिवसभराची हमाली.

हा नाद शब्द लई सोयीचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याचे सहकारमंत्री बाबासाहेब पाटील, म्हणजे आमच्या अहमदपूरचेच आमदार, जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की लोकांना कर्जमाफीचा नाद लागलाय. त्या सालच्या पावसानं मराठवाड्यातलं सोयाबीन रानातच कुजवलं होतं. बोंब झाल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण वरच्याला खालचा माणूस कसा दिसतो ते त्या एका शब्दात कळलं. मागितलं तरी नाद, हरला तरी नाद.

त्याच्या तीन महिने आधी, जुलै २०२५ मध्ये, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर पत्ते खेळतायत, असा आरोप करणारा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो. लातुरात छावा संघटनेच्या पोरांनी सत्ताधारी पक्षाच्या पत्रकार परिषदेत टेबलावर पत्ते टाकले, तर मार त्यांनीच खाल्ला. मंत्र्याचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. ठीक आहे. मी धरून चालतो की ते खरंच जाहिरात घालवत होते. मग एवढंच सांगा: जी जाहिरात मंत्र्याला सभागृहात बसल्या जागी गाठते, ती मोंढ्यातल्या हमालाला कुठं कुठं गाठत असेल?

पण दोस्तांनो, वरच्यांशी भांडण जुनं आहे आणि ते चालूच राहील. आज मला भांडायचंय ते आपल्याच पोरांशी.

मी मुंबईत गोदीत काम करतो. क्रेनच्या हुकाला माल लावतो आणि रात्री कविता लिहितो. माझा मावसभाऊ अहमदपूरच्या मोंढ्यात पोती उचलतो. त्याला आकड्याची सवय लागली तेव्हा मी शाळेत होतो. मग तो थांबला. अकरा महिने त्यानं एक रुपया लावला नाही. अकरा महिने म्हणजे गंमत नाही. दारू सोडलेल्या माणसाला विचारा. आणि मग एका संध्याकाळी तो पुन्हा बसला. तीन आठवड्यांत बायकोची पोत गेली, पोराच्या कॉलेजची फी गेली, वर चाळीस हजाराची उसनवारी झाली.

वस्ती म्हणाली, नादी तो नादीच. वस्तीचं मी समजू शकतो. पण आपले कार्यकर्ते काय म्हणाले? मिटिंगमध्ये उभा करून विचारलं, घरात बाबासाहेबांचा फोटो लावतोस आणि बाहेर आकडा लावतोस, लाज वाटत नाही? भाषण झालं. मनाचा निर्धार, स्वाभिमान, क्रांती. शेवटी चारचौघांत त्याला शपथ घ्यायला लावली. त्यानं घेतली. आठव्या दिवशी त्यानं वीस रुपये लावले. शपथ मोडली म्हणून त्याच रात्री दोन हजार लावले. आणि त्यानंतर तो मिटिंगला आलाच नाही. म्हणजे या क्रांतिकारकांनी त्याला मटक्यातून सोडवला नाही, चळवळीतून सोडवला.

याचं कारण एकच. आपले लोक वरच्यांचीच भाषा बोलायला लागलेत. नाद माणसाच्या रक्तात असतो, ही ती भाषा. रक्तात असतं, जन्मात असतं, हे आपल्याला हजारो वर्षं ऐकवलंय. ते खोटं आहे म्हणून तर आपण उभे राहिलो. मग आकड्याच्या बाबतीत ते खरं कसं झालं? माझं म्हणणं असं की नाद रक्तात नसतो. नादाला पत्ता असतो. त्याला वेळ असते, वार असतो, रस्ता असतो. तो पत्ता शोधता येतो. शोधला तर टाळता येतो. जे शोधत नाहीत ते शपथा घालतात.

हा पत्ता आधी कुणी लिहिला तेही बघून घ्या. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेनं मुंबईच्या कापूस बाजारात यायचे आणि मुंबईत त्या आकड्यांवर पैसे लागायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६१ साली तिकडून आकडे येणं थांबलं. धंदा थोडाच थांबणार होता? १९६२ साली वरळीत कल्याणजी भगतनं आपलेच आकडे काढायला सुरुवात केली. १९६४ पासून रतन खत्रीनं आपला मटका काढला. चिठ्ठ्या लिहिणारे कुठं बसले? मलबार हिलवर नाही बसले. गिरण्या सुटायच्या त्या रस्त्यावर बसले. पगार कधी होतो, पाळी कधी सुटते, माणूस कुठून घरी जातो, हे त्यांना कामगाराच्या युनियनपेक्षा चांगलं ठाऊक होतं. गिरणगावातून हा धंदा गावोगाव पसरला आणि आमच्या टपऱ्यांमागं येऊन बसला.

हिशेबही साधा आहे. शून्य ते नऊ हे दहा आकडे. एका आकड्याला नऊपट मिळतात. दहाही आकड्यांवर दहा दहा रुपये लावा, शंभर जातील आणि नव्वद परत येतील. म्हणजे दर फेरीला शंभरातले दहा बुकीचे. परत आलेलेच पैसे सरासरीनं फिरवत राहिलात तर दहाव्या फेरीला शंभराचे पस्तीस उरतात. नशीब वगैरे काही नाही, भागाकार आहे. पण डोकं भागाकार करत नाही. सत्ता लावला आणि अठ्ठा आला की डोक्याला वाटत नाही आपण हरलो. वाटतं, एका घरानं हुकला. हुकलेला आकडा लागलेल्या आकड्यासारखाच माणसाला ओढतो. मशीनवाल्यांनी आणि मोबाईलवाल्यांनी हे ओळखून खेळ बांधले.

आता पुन्हा बसण्याबद्दल. १९८५ साली ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, व्यसन सोडलेली माणसं परत त्याच वाटेला का लागतात, यावर पुस्तक काढलं. दारू, सिगारेट, गर्द यांच्या जोडीला त्यांनी जुगारही धरला होता. त्यांना दिसलं की बहुतेकदा तीनच गोष्टी माणसाला परत ओढतात: मनाची वाईट अवस्था, कुणाशी झालेलं भांडण आणि सोबतीचा दाब. व्यसनाची वस्तू वेगळी, पण परतायची वाट तीच. आणि जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीत धरते. आजाराला शपथ घालणारा डॉक्टर तुम्ही पाहिलाय का?

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी मावसभावासोबत घरामागं बसलो. का बसलास, असं मी विचारलं नाही. ते त्याला सगळ्यांनी विचारून झालं होतं. मी विचारलं, किती वाजले होते? कुठं होतास? खिशात किती होते? कुणाशी बोलून आला होतास? तो म्हणाला, "डोस्क्यात काईच नव्हतं बघ. खिशात पैसे व्हते, पाच वाजले व्हते, अन् पाय आपसूक तिकडं वळले." मग आम्ही जुन्या पावतीबुकाच्या मागं एकेक लिहीत गेलो.

पहिली निघाली खिशातली रोकड. हमाली संध्याकाळी हातात पडते. सोयाबीनच्या सुगीत जास्त पडते. म्हणजे तंगीत नाही, सुगीत धोका जास्त. दुसरी निघाली वेळ. कल्याणचा ओपन-क्लोज, रात्रीचा मेन बाजार. अकरा महिने न लावताही त्याची नजर त्या वेळेला घड्याळाकडं जायची. मग आकडे. एसटीचा नंबर, पोराचा परीक्षेचा नंबर, मेलेल्या माणसाचं वय, रात्रीचं स्वप्न. जग त्याच्याशी आकड्यांत बोलायचं. मग सोबत: एखादा येऊन नुसता म्हणतो, काल मला लागला. हरलेलं कुणी सांगत नाही.

मग एक निघाली ती कुणाच्या ध्यानात येत नाही. आनंद. पोरगा पास झाला, जयंतीची मिरवणूक निघाली, पाहुण्याचं लग्न ठरलं. आज दिवस आपला आहे असं वाटतं आणि हात खिशात जातो. आपण दुःखात माणसाजवळ जाऊन बसतो; आनंदात त्याला एकट्याला सोडतो.

कर्ज तर होतंच. वसुलीवाल्याचा फोन आला की वाटतं, एकदाच लावू, सगळं फिटेल. हरलेलं काढायला जाणं हीच हरण्याची सर्वांत रुळलेली वाट आहे.

आणि मग तो गप्प झाला. बऱ्याच वेळानं सांगितलं. ज्या दिवशी पुन्हा बसला त्या दिवशी दुपारी एका आडत्यानं वजनावरून त्याला चारचौघांत जातीवरून बोललं. तो बोलू शकला नाही. बोलला असता तर उद्याचं काम गेलं असतं. पाच वाजता त्यानं पहिली चिठ्ठी लावली. "तेवढा येळ तरी म्या मालक व्हतो," म्हणाला.

वाचा हे पुन्हा एकदा. अमेरिकेतलं पुस्तक म्हणतं, मनाची वाईट अवस्था. बरोबर म्हणतं. पण आमच्या मनाची वाईट अवस्था आभाळातून पडत नाही. तिला जात असते, आणि ती मोंढ्यात, गोदीत, नाक्यावर रोज सकाळपासून आमच्यावर चढवली जाते. ज्यानं अपमान केला त्याला कुणी नादी म्हणत नाही. ज्यानं अपमान वीस रुपयांत बुडवायला बघितला तो नादी.

मात्र एवढ्यावर थांबलो तर मी पण भाषणबाजच. व्यवस्था बदलेल तेव्हा आकडा सुटेल, असं सांगून घरी झोपायला जाणं सोपं आहे. क्रांती होईपर्यंत त्या पोराची फी कोण भरणार? अपमानावर आवाज उठवायचा, लागलं तर अ‍ॅट्रॉसिटी दाखल करायची, हे आहेच. पण त्याच संध्याकाळी पाच वाजता त्या माणसाचं काय करायचं, हेही चळवळीचंच काम आहे.

आम्ही जे ठरवलं ते सांगतो. यात काही थोर नाही.

रोकड हातात येऊ द्यायची नाही. हमाली थेट वहिनीच्या खात्यावर. चहापाण्यापुरते पैसे त्याच्याकडं. हे त्यानं स्वतः ठरवलं, स्वतःच्या हातानं लिहिलं. दुसऱ्यानं लादलं तर ती शिक्षा होते आणि शिक्षेतून माणूस पळवाट काढतो. आणि बायकोला पोलीस करायचं नाही. तिनं हिशेब ठेवावा, खिसे तपासू नयेत.

रस्ता बदलायचा. टपरीवरून पाच मिनिटं, मागच्या अंगानं पंधरा मिनिटं. तो पंधरा मिनिटं चालतो. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यानं आधी त्या टपरीसमोरून अकरा महिने रिकाम्या हातानं जाऊन दाखवावं.

फोन साफ करायचा. खेळ काढून टाकले, जुना नंबर बदलला, कारण तो नंबर त्यांच्या यादीत असतो. बँकेत जाऊन मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय बंद केली. कुणी म्हणतो फुकट खेळा, कुणी म्हणतो पहिले पैसे आमचे. मोंढ्यात उंदराला पहिला दाणा फुकटच ठेवतात.

ओढ आली की वेळ काढायची. ती कायम राहत नाही. मी रोज भरती-ओहोटी बघतो; पाणी चढतं तेव्हा वाटतं, आता हे थांबत नाही. थांबतं आणि उतरतं. ओढीचं पण तसंच. वीस-तीस मिनिटं कुणाशी तरी बोलत काढली की ती उतरते. ती मारायची नाही, उतरू द्यायची. म्हणून पाच ते सहा हा तास मोकळा सोडायचा नाही. तो त्या वेळेला पोरांना कबड्डी शिकवतो.

कर्ज कागदावर उघडं मांडायचं. लपवलेलं कर्ज माणसाला परत अड्ड्यावर नेतं. मदत करायची तर हातात नोटा देऊ नका. फी कॉलेजात भरा, किराणा दुकानात भरा.

आणि घसरला तर घसरला. एक चिठ्ठी म्हणजे एक चिठ्ठी. वीसचे दोन हजार होतात ते, आता मोडलंच ना, मग कशाला थांबू, या विचारानं होतात. शपथेनं हाच विचार पेरला जातो. शपथ एकदा मोडली की पुरी मोडते. म्हणून शपथ नको. त्याच रात्री येऊन सांग, एवढंच आमचं ठरलंय. सांगितलं तर कुणी ओरडणार नाही. कुठून सुरू झालं ते पावतीबुकात लिहायचं आणि सकाळी पोती उचलायला जायचं.

जीवच द्यावासा वाटला तर एकटं राहायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फुकट आहे, रात्रंदिवस आहे, मराठीत बोलता येतं. हे सरकार आपल्या बापाचं आहे म्हणून नाही, आपल्या करावर चालतं म्हणून वापरायचं.

सरकारचं म्हणाल तर त्याचाही डाव बघा. जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा, म्हणजे मटक्याच्या जन्माच्या पाऊणशे वर्षं आधीचा. कायद्याच्या डोळ्यांदेखत मटका जन्मला, वाढला, म्हातारा झाला. १९६९ साली राज्य सरकारनं स्वतःची लॉटरी काढली. ऑक्टोबर २०२३ पासून मोबाईलवर पैसे लावण्यावर २८ टक्के कर घेतला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा सरकारच्याच अंदाजानं ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावत होते. मग आधी कर घेताना हा अंदाज कुठं होता? त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे, हे चांगलंच आहे. पण कागदावरच्या बंदीनं टपरी उठत नाही, हे १८८७ पासून आपण बघतोय.

राहिले आपण. बुद्धानं सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे मोजलेत. जिंकणाऱ्याचं वैर होतं, हरणारा झुरतो, पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र हिणवतात, सोयरीक जुळत नाही. हिशेब मांडावा तसा मांडलाय, शिवी कुठं नाही. आणि त्याच सुत्तात खरा मित्र कोण तेही सांगितलंय: जो बेसावध झालेल्या मित्राला सांभाळतो आणि त्याच्या मालमत्तेला सांभाळतो. लाज काढणारा मित्र त्या यादीत नाही.

तेव्हा शपथा बंद करा. मिटिंगमध्ये उभं करणं बंद करा. दर वस्तीत दोन माणसं ठरवा, ज्यांच्याकडं रात्री अकराला जाऊन आज मी घसरलो असं सांगता येईल. वाचनालय आणि आखाडा पाच वाजता उघडा. थांबलेल्या माणसावर विश्वास दाखवायचा म्हणून पहिल्या वर्षातच त्याच्या हातात वर्गणीची रोकड देऊ नका. त्याला पोरं सांभाळायला द्या, झेंडे द्या, माईक द्या.

आणि शेवटचं, जे ऐकून काही जणांचे चेहरे पडतील. आपल्या किती जयंतीमंडळांच्या पावतीबुकात पहिली मोठी पावती अड्डेवाल्याची असते? बॅनरवर बाबासाहेबांच्या खाली कुणाचे गॉगलवाले फोटो असतात? आमच्या माणसाची हमाली टपरीवर जाते, तिथून बुकीकडं जाते, आणि त्यातले पाच हजार वर्गणी म्हणून परत येतात. आपण ते घेऊन डीजे लावतो आणि त्याच माणसाला मनाचा कच्चा म्हणतो. थांबलेल्या माणसाला सगळ्यांत मोठी ओढ हीच नाही का, की ज्या दिवशी सगळी वस्ती निळी होते, त्या दिवशी त्याचा बुकी मंचावर हार घालून बसलेला असतो?

माझा मावसभाऊ आज चार महिने थांबलाय. मधे एकदा घसरला, त्या रात्रीच येऊन सांगितलं. तो काही थोर झाला नाही, रोज मागच्या रस्त्यानं घरी जातो. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक टपरीवरून जाणार आहे आणि तो तिच्यात चालणार आहे. आपण त्याच्यासोबत चालणार आहोत की मंचावरच्या हारवाल्यासोबत, ते पावतीबुक छापायच्या आधी ठरवा.